शेऱ्याचा रकाना

दर गुरुवारी दुपारी तीन वाजता राज्यातल्या साऱ्या तालुक्यांचे रंग जाहीर होत. तांबडा, पिवळा किंवा हिरवा. रंग कळला की पुढचे सात दिवस त्या तालुक्यात लग्न किती माणसांत लागणार, आठवडे बाजार भरणार की नाही, शाळा उघडणार की नाही, हे सारे ठरून जाई. धाप्या तापाच्या तीन लाटा येऊन गेल्या होत्या. त्या तापाला कागदोपत्री लांबलचक नाव होते, पण ज्याने माणसाला चार पावले चालून धाप लागलेली पाहिली होती त्याला दुसरे नाव सुचण्याजोगे नव्हते. आता लोक मुहूर्त काढण्याआधी गुरुवारचे पत्रक पाहत.

हे रंग ज्या गणितातून निघत ते पुण्यातल्या साथवेध केंद्रात चाले, आणि ते उभे केले होते डॉ. हर्षदा वाकचौरे यांनी. वय अडतीस. लग्न केले नव्हते. बोलणे मोजके. आकडा सांगताना 'साधारण' हा शब्द त्या कधी वापरत नसत. किती साधारण, तेही सांगत.

गणित मुळात साधे होते. गावातली माणसे तीन गटांत मांडायची: ज्यांना ताप होऊ शकतो, ज्यांना झाला आहे आणि ज्यांना होऊन गेला आहे. एक रुग्ण सरासरी किती जणांना ताप देतो, तो आकडा एकाच्या वर असला की साथ वाढते, खाली गेला की विझत जाते. अवघड असते ते हा आकडा आज किती आहे हे ओळखणे. आज लागण झालेला माणूस पाचव्या दिवशी खोकू लागतो, सातव्या दिवशी दवाखान्यात जातो, नवव्या दिवशी त्याचे नाव कागदावर येते. म्हणजे कागद नेहमीच नऊ दिवसांनी शिळा. म्हणून केंद्र सांडपाण्यातले विषाणू मोजत असे, मोबाईलच्या टॉवरांवरून माणसांची ये-जा पाहत असे, आणि गावोगावच्या आशाताई घरोघर फिरून टॅबवर जी माहिती भरत तीही रोज संध्याकाळी ओढून घेत असे. आशाताईंच्या तक्त्यात तेवीस रकाने होते. त्यांतले बावीस गणितात जात. तेविसावा रकाना 'शेरा'. त्यात कुणी 'घराला कुलूप' लिही, कुणी 'सून माहेरी', कुणी नुसताच 'ठीक'. त्याचे आकड्यांत रूपांतर होत नव्हते. सात वर्षांपूर्वी यंत्रणा उभारताना हर्षदाने तो रकाना वगळला होता, आणि त्या निर्णयाचा तिला कधी पुन्हा विचारही करावा लागला नव्हता.

लाटेचे हे गणित ती विद्यापीठात शिकली त्याच्या कितीतरी आधी तिला घरी कळले होते. तिचे वडील रावसाहेब वाकचौरे प्रवरेच्या डाव्या कालव्यावर पाटकरी होते. कालव्याला आवर्तन सुटले की पंधरा गावांच्या चाऱ्यांना पाळीपाळीने पाणी देण्याचे काम त्यांचे. सायकलच्या मागच्या कॅरिअरवर लहान हर्षदा बसलेली असे. "कालव्याच्या तोंडाशी सकाळी सहाला पाणी सोडलं, तर शेवटच्या चारीला कधी?" ते विचारत. ती अंतर आणि वेग यांचा हिशेब करून सांगे, "रात्री बाराला, आप्पा." बहुतेक वेळा ते बरोबर असे. तरी आप्पा सायकलवर टांग टाकत. "मग आता कुठं?" "बघून येतो. मधी कुणी फळी टाकली असंल तर तुझ्या हिशेबाला कसं कळंल?"

आपल्या तालुक्याचा रंग हिरवा झाल्याचे पत्रक त्या गुरुवारी तिने स्वतः मंजूर केले. सव्वातीन वाजता दादाचा फोन आला. योगेशदादा तिच्याहून सहा वर्षांनी मोठा, घरची शेती पाहणारा, फोनवर नेहमी हवापाण्यापासून सुरुवात करणारा.

"हर्षू, आप्पा गेले गं," तो म्हणाला. "जेवून उठले, हात धुतला आणि खाली बसले. ताप नव्हता. छातीतच काहीतरी."

*

तिसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर भावकी बसली होती. दहाव्याचे ठरवायचे होते. त्या भागात दहावा म्हणजे केवळ घरचा विधी नव्हे. नदीच्या घाटावर दहाव्या दिवशी पिंडदान, आधी महाराजांचे प्रवचन, मग गावोगावच्या मंडळींची श्रद्धांजलीची भाषणे, आणि मग जेवण. माणूस कसा जगला हे दहाव्याला किती गाड्या लागल्या त्यावरून ठरे. साथीच्या काळात वीस माणसांचे बंधन होते. आता तालुका हिरवा झाल्याने तेही उठले होते.

"वीस माणसांत उरकायचं म्हणशील तर तसंही उरकू," नाना म्हणाले. नाना म्हणजे आप्पांचे चुलतभाऊ. त्यांचा आवाज मुळातच भाषणाचा. "पण शेवटच्या चारीचे लोक काल मला म्हणाले, पाटकऱ्यांच्या दहाव्याला आम्हाला बोलवणार नसाल तर आम्ही आमच्या गावात वेगळा करतो. घ्या. एका माणसाचे दोन दहावे."

कुणीतरी हसले. कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेली आईही किंचित हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा.

"तुला काय वाटतं, आई?" हर्षदाने विचारले.

"मला काय वाटायचं? माझ्यापुरतं म्हणशील तर कुणी नाही आलं तरी चालंल. पण त्यांना माणसं लागायची. चहाला एकटे बसले नाहीत कधी."

दादाने हर्षदाकडे पाहिले. त्या पाहण्यात भार तिच्यावर टाकणे नव्हते, विश्वास होता; आणि तोच तिला पुढे सर्वांत जड गेला.

"काय म्हणतं तुझं गणित? करायचा का मोठा? तू नाही म्हणालीस तर विषय संपला. नानांना मी समजावतो."

"मला समजवायला तुझा बाप लागायचा," नाना म्हणाले, आणि मग आपण काय बोललो ते कळून उपरण्याने तोंड पुसू लागले.

"गुरुवारपर्यंत थांब," हर्षदा म्हणाली. "नवे आकडे येतील. मग सांगते."

गुरुवार सुतकाचा आठवा दिवस होता. माडीवरच्या खोलीत लॅपटॉप उघडून ती शबानाशी बोलली. डॉ. शबाना मुजावर केंद्रातली संख्याशास्त्रज्ञ, तिची दहा वर्षांची सोबतीण.

"तुमचा तालुका हिरवाच आहे," शबाना म्हणाली. "एका रुग्णामागे शून्य पूर्णांक सात. पण हर्षदा, तो पंधरा दिवसांचा उंचवटा पुन्हा दिसतोय. कुठं मृत्यू झाले की पंधरा दिवसांनी तिथंच रुग्ण थोडे वाढतात. खूप नाही. पण सगळ्या ग्रामीण तालुक्यांत आहे."

"पंधरवडा अहवाल. उपकेंद्रं साचलेल्या नोंदी पंधरा दिवसांनी एकदम भरतात. आपण गाळणी लावलीय ना त्याला?"

"लावलीय. पण अहवाल एक तारखेला आणि सोळाला येतात. हा कुठल्याही तारखेला येतो."

"भरायला उशीर करतात गं ते."

"असेल," शबाना म्हणाली. "तू आत्ता दमलीयस. नंतर बघू."

हर्षदाने घाटावरच्या चारशे माणसांसाठी वेगळे गणित मांडले. उघडी जागा, भर उन्हाची वेळ, तालुक्यातले सध्याचे रुग्ण. या एका कार्यक्रमातून साथ पुन्हा उचल खाण्याची शक्यता आली चार टक्के. तिने ते दोनदा तपासले. मग खाली येऊन म्हणाली, "होऊ दे, दादा. मोठा होऊ दे."

आईने पदर तोंडाला लावला. आनंदाने की रडू आवरायला, ते हर्षदाला कळले नाही.

*

दहाव्याच्या दिवशी घाटावर साडेपाचशे माणसे आली. एप्रिलचे ऊन असे होते की नऊ वाजताच दगडावर पाय ठेववेना. नदीत पाण्याची एक बारीक धार. घाटाच्या वर पत्र्याची मोठी शेड होती. कार्यक्रम उघड्यावर ठरलेला, पण माणसे हळूहळू सावलीत सरकली आणि शेवटी सगळीच पत्र्याखाली खांद्याला खांदा लावून बसली. महाराजांचे प्रवचन झाले. त्या पंधरवड्यातला हा त्यांचा अकरावा दहावा, असे त्यांनीच घोगऱ्या आवाजात सांगितले. मग शेवटच्या चारीचा एक म्हातारा बोलायला उभा राहिला. पंचवीस वर्षांपूर्वीच्या दुष्काळात आप्पांनी आपल्या स्वतःच्या शेताची पाळी मोडून त्याच्या पिकाला कसे पाणी दिले, ते सांगता सांगता त्याला पुढे बोलता येईना, आणि तो तसाच खाली बसला. हर्षदाला वाटले, बरे झाले. वीस माणसांत हे कुठून ऐकायला मिळाले असते.

पिंड ठेवले. कावळा शिवेना.

पलीकडच्या बाभळीवर चार कावळे बसले होते आणि त्यांना कशाचीही घाई नव्हती. अर्धा तास गेला. दादाने हात जोडून सांगितले, "आप्पा, शेत विकणार नाही." नाना म्हणाले, "रावसाहेब, बांधाची भानगड मी मिटवतो, झालं?" तरी काही नाही. कुणी म्हणाले, ऊन फार आहे, कावळ्यांनाही सावली सोडवत नाही. तासाभराने माणसे शेडमध्ये बोलू लागली, हसू लागली, पाण्याचे तांबे या हातातून त्या हातात फिरू लागले.

त्या गर्दीतून अलका गोडगे हर्षदाजवळ येऊन बसल्या. गावच्या आशाताई. साठीला टेकलेल्या. हर्षदाच्या जन्माच्या वेळी त्या नुकत्या लग्न होऊन गावात आल्या होत्या. पिशवीतून टॅब आणि त्याच्यासोबत जाड पुठ्ठ्याची एक वही डोकावत होती.

"वही अजून ठेवताय?" हर्षदाने विचारले.

"टॅब बंद पडतो. वही पडत नाही." मग त्यांनी आवाज खाली आणला. "हर्षदा, मी ते शेऱ्यात लिहिते ते तू तिकडं वाचतेस ना गं? मीच नाही, सगळ्या जणी लिहितो आम्ही. मीटिंगला सांगितलं तर साहेब म्हणाले, शेऱ्यात लिहा, पुण्याला जातं."

समोर पिंड, शेजारी आई, डोक्यात ऊन. हर्षदा म्हणाली, "हो. सगळं येतं तिकडं."

"मग बरं," अलकाताई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा खरोखरच सैल झाला. "मला वाटायचं, आपण आपलं लिहितोय. तुम्ही वाचून हिरवा केला म्हणजे झालं."

दीड तासाने आई म्हणाली, "हर्षदा, तू बोल. तुझ्यात जीव होता त्यांचा."

तिला असले काही करता येत नसे. ती पिंडांसमोर उभी राहिली आणि तिला आठवली ती सायकल. "आप्पा," ती म्हणाली, "आईला मी सांभाळीन." कावळा तेव्हाही आला नाही. आला तो वीस मिनिटांनी, सगळ्यांचे लक्ष उडाले असताना; एक घास उचलून गेला. 'शिवला, शिवला,' म्हणत माणसे उठली आणि जेवणाच्या पंगतींकडे वळली.

*

हर्षदा तेराव्यानंतर पुण्याला परतली. दोन दिवस तिला कणकण होती. ती थकव्याची असे तिने धरले. दहाव्याच्या पुढल्या शुक्रवारी तालुक्याच्या सांडपाण्यातला विषाणूंचा आकडा दुप्पट झाला. शनिवारी चौपट. त्याच सकाळी दादाने फोनवर हवापाण्याचे काहीही न विचारता सांगितले, "आईला धाप लागलीय. तालुक्याला नेतोय."

रुग्णालयात आत सोडत नव्हते. आवारात एक कडुनिंब होता आणि त्याभोवती सिमेंटचा पार. भोवती निरनिराळ्या गावांची माणसे आपापल्या आतल्या माणसाच्या निरोपाची वाट पाहत बसलेली. त्यांतले तीन चेहरे हर्षदाने घाटावर पाहिले होते. तिने पारावर लॅपटॉप उघडला आणि शबानाला फोन लावला.

"आशाताईंचा शेऱ्याचा रकाना आपण साठवतो का?"

"साठवतो. वापरत नाही. का?"

"मला आमच्या जिल्ह्याचा पाठव. गेल्या तीन लाटांचा."

सहा हजारांवर शेरे होते. यंत्राला ते आधी वाचता आले नव्हते याचे कारण उघडच होते. एकच गोष्ट प्रत्येकीने आपल्या भाषेत, आपल्या शुद्धलेखनात लिहिली होती. हर्षदा ते एकेक वाचू लागली. 'घराला कुलूप.' 'म्हातारी तपासू देत नाही.' 'ठीक.' मग: 'भावाच्या दहाव्याहून आल्यावर खोकला.' पुढे सात शेरे सोडून: 'दशक्रियेला गेले होते, घरात चौघे आजारी.' 'घाटावरून आल्यापासून.' 'दाहव्याला गेलेले सर्व.' एका बाईने वैतागून ठळक लिहिले होते: 'प्रत्येक दहाव्यानंतर हेच होते. वरिष्ठांनी लक्ष द्यावे.' ती तारीख दोन वर्षांपूर्वीची होती.

दोन दिवस, पारावर बसून, ती वाचत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी शबाना न कळवता बसने आली, तिच्याशेजारी बसली आणि अर्धे शेरे तिने घेतले. मध्येच रुग्णालयाची खिडकी उघडे, कुणाचे तरी नाव पुकारले जाई, आणि सगळी माणसे एकदम मान वर करत.

सोमवारी संध्याकाळपर्यंत नऊशे बारा शेरे वेगळे निघाले. मग कोडे उरले नाही. माणूस गेला की दहाव्या दिवशी शेकडो माणसे एकत्र बसतात. त्यांतले काही पाचव्या दिवशी खोकू लागतात. दहा आणि पाच, पंधरा. पंधरवडा अहवालाची म्हणून जी लहर तिने गाळून टाकली होती ती कागदाची नव्हती, माणसांची होती. आणि त्यातली सर्वांत वाईट गोष्ट अशी, की मृत्यू नेहमी लागणीच्या मागून येतात. लाट ओसरू लागते, आकडा एकाच्या खाली जातो, केंद्र तालुक्याला हिरवा रंग देते, आणि नेमके तेव्हाच दहाव्यांचे दिवस भरत येतात. गणित ज्या आठवड्यात 'आता एकत्र या' म्हणत होते तोच आठवडा सर्वांत धोक्याचा होता. गाळणी काढून तिने आप्पांच्या दहाव्याचे गणित पुन्हा मांडले. चार टक्क्यांच्या जागी एकसष्ट आले.

शबानाने पडद्यावरचा आकडा पाहिला आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"तू म्हणाली होतीस," हर्षदा म्हणाली. "तारखा जुळत नाहीत म्हणून."

"मीही पुढं विचारलं नाही."

*

केंद्राचे संचालक डॉ. निरगुडकर वाईट माणूस नव्हते. मंगळवारी पडद्यावर त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"हे पत्रकात कसं घालायचं म्हणता?"

"आहे तसं. रुग्णांची संख्या काहीही असो, लाट ओसरल्यावर सहा आठवडे दशक्रिया पाच माणसांत. सात वर्षं आपण शेऱ्याचा रकाना वाचला नाही, हेही."

"पहिलं ठीक. लोक चिडतील. विषय सुतकाचा आहे, तरी करू. दुसऱ्याची गरज नाही, हर्षदाताई. चार टक्के म्हणजे शून्य नव्हे. तुम्ही शक्यता सांगितली होती आणि दुर्दैवानं ती खरी झाली. याला कुणी चूक म्हणत नाही."

"सर, ते चार टक्के खरे असते तर मीही म्हटलं नसतं. ते चार नव्हतेच. नऊशे बारा वेळा आपल्याला लिहून कळवलं होतं."

निरगुडकरांनी चष्मा काढून डोळे पुसले. "तुमच्या आईंची तब्येत?"

"ऑक्सिजनवर आहे."

"मग हे आत्ताच लिहिण्याचा हट्ट का?"

"पुढच्या गुरुवारीही कुणाचा तरी दहावा आहे, सर. आणि आशाताईंनी पुढंही लिहावं असं वाटत असेल, तर आधीचं वाचलं नव्हतं हे त्यांना सांगावं लागेल."

पत्रक गुरुवारी निघाले, तिने लिहिले होते तसे. दादाने ते पारावर बसून मोबाईलवर वाचले. पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत, ओठ हलवत. वहिनीने डबा पाठवला होता. तो दोघांच्या मध्ये तसाच बंद होता.

"म्हणजे दहाव्यातूनच," तो म्हणाला.

"हो."

"आणि तुम्हाला ते कळण्यासारखं होतं."

"हो. मला कळण्यासारखं होतं."

तो ओरडला असता तर तिला सोपे गेले असते. त्याने मोबाईल बंद करून खिशात ठेवला. रुग्णालयाच्या नळावर कुणी बाई भांडे विसळत होती.

"मी तुला तेव्हा विचारलं, कारण आप्पांना विचारल्यासारखं वाटलं," तो म्हणाला. "पण आप्पांना कुणी पाण्याचं विचारलं ना, तर ते आधी पाटावर जाऊन यायचे. मग सांगायचे."

त्याने डब्याचे झाकण उघडले, भाकरीचा अर्धा भाग मोडून तिच्यापुढे ठेवला, आणि स्वतः न खाता उठून खिडकीकडे गेला.

आई शुक्रवारी सकाळी गेली. शेवटच्या दिवशी परिचारिकेने फोन तिच्या तोंडाशी धरला होता. आई फार बोलू शकली नाही. दहाव्याला आलेल्यांतल्या कुणाकुणाला ताप आला ते तिने विचारले. हर्षदाने नावे सांगितली नाहीत. "माणसं खूप आली होती गं," आई म्हणाली. त्या वाक्यात तक्रार नव्हती.

*

आईच्या दहाव्याला घाटावर पाच माणसे होती. दादा, वहिनी, हर्षदा, नाना आणि भटजी. नानांच्या आवाजातले भाषण गेले होते. पत्र्याची शेड रिकामी होती आणि तिच्यापुढे आडवी दोरी बांधून तिच्यावर पत्रकाची प्रत लटकवली होती. घाटावरच्या रस्त्याने शेवटच्या चारीचा म्हातारा सायकलवरून आला, दोरीपलीकडे थांबला, तिथूनच हात जोडले आणि निघून गेला.

पिंड ठेवल्यावर पाच मिनिटांत कावळा शिवला. कुणालाही काही कबूल करावे लागले नाही. दादा तिच्याशी तुटून बोलत नव्हता. "पाणी दे", "सावलीत ये" एवढे बोलत होता. पण काही विचारत नव्हता. आप्पा गेल्यापासून त्याने तिला प्रत्येक गोष्ट विचारली होती.

ती पायऱ्या चढून वर आली तेव्हा अलकाताई दोरीपाशी उभ्या होत्या. त्यांना स्वतःला ताप होऊन गेला होता. गाल आत गेले होते, दोन वाक्यांमध्ये थांबावे लागत होते. गावातल्या त्या लाटेत चौदा माणसे गेली होती, आणि प्रत्येक घरी त्यांना जाऊन यायचे होते.

"अलकाताई," हर्षदा म्हणाली, "मी त्या दिवशी खोटं बोलले. तुम्ही विचारलंत तेव्हा. आम्ही शेरा वाचत नव्हतो."

"पत्रकात वाचलं."

"तिथं घाटावर मी खरं बोलले असते, तर तुम्ही काय केलं असतं?"

"मी तुझ्या आईला घरी घेऊन गेले असते," त्या म्हणाल्या. मग पिशवीतून जाड पुठ्ठ्याची वही काढून त्यांनी ती कठड्यावर उघडली. "तुझ्या आईची ओळ अर्धी राहिलीय. बावीस रकाने भरलेत मी. शेरा तू लिही. मला नाही लिहवत."

नाव, वय, लक्षणांची तारीख, मृत्यूची तारीख. अलकाताईंचे अक्षर वळणदार आणि आखल्यासारखे सरळ होते. हर्षदाने पेन घेतले. रकाना अरुंद होता. तिने बारीक अक्षरात लिहिले:

'पतीच्या दहाव्याला हजर. दहावा मोठा करण्यास हरकत नाही असे मुलीने सांगितले होते.'

अलकाताईंनी वही डोळ्यांजवळ नेऊन वाचले.

"एवढं कशाला लिहायचं गं," त्या म्हणाल्या.

"आता वाचतं कुणीतरी," हर्षदा म्हणाली.

अलकाताई कठड्यावर बसल्या, टॅब मांडीवर घेतला, आणि वहीतली ती ओळ एकेक अक्षर पाहून त्यात उतरवू लागल्या.